लॉनला आठवड्यातून दोनदाच पाणी : नेरुळच्या आमच्या सोसायटीतल्या नोंदी

२ मार्च २०२५, रविवार

कमिटीत ठरलं ते आधी लिहून ठेवते. लॉनला पाणी फक्त मंगळवार आणि शुक्रवार, सकाळी सहा ते साडेसात. संध्याकाळी अजिबात नाही, पाईप सोडून माणसाने निघून जायचं नाही, गाड्या आणि पेव्हर ब्लॉक पाईपने धुवायचे नाहीत. नियम आमचा आम्हीच केलाय. फेब्रुवारीच्या शेवटालाच उष्णतेच्या लाटेचा इशारा आला, खालची टाकी संध्याकाळच्या पाण्यात पूर्ण भरेना आणि वरच्या मजल्यांवरून बोंब सुरू झाली. नवी मुंबईला स्वतःचं मोरबे धरण आहे म्हणून आपण निर्धास्त असतो, पण तिकडे खालापूरला धरण भरलं म्हणून इकडे नेरुळला आपली टाकी भरतेच असं नाही ना.

लॉन साधारण ३,२०० स्क्वेअर फूट, हिशेबाला सोपं म्हणून ३०० चौरस मीटर धरतेय. नव्वदच्या दशकातली सोसायटी, खाली भरावाचा मुरूम, वर लाल माती. गार्डनचं खातं माझ्याकडे आलं कारण मीटिंगला मी उशिरा पोचले आणि तोपर्यंत बाकीची खाती वाटून झाली होती.

४ मार्च, मंगळवार

नियमाचा पहिला दिवस. माळीकाका म्हणाले, "ताई, दोन दिवसांत लॉन जळणार, लिहून घ्या." लिहून घेतलं.

पण आधी आपण देतो किती ते तर कळू दे, म्हणून पाईप वीस लिटरच्या बादलीत सोडला आणि मोबाईलवर वेळ लावली. ४५ सेकंदात बादली भरली. म्हणजे मिनिटाला साडेसव्वीस लिटरच्या वर, तासाला १,६०० लिटर. काका रोज सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास पाणी मारायचे, म्हणजे दिवसाला ३,२०० लिटर. एक चौरस मीटरवर एक लिटर ओतलं की एक मिलिमीटर पाऊस पडल्यासारखं, त्यामुळे ३०० चौरस मीटरवर हे झाले रोजचे साडेदहा मिलिमीटर. उन्हाळ्यात आपल्याकडच्या लॉनला रोज तीन-चार मिलिमीटर पुरतं. उरलेलं कुठे जात होतं ते बघायला गेटपाशी गेले तर गटारात.

नव्या वेळापत्रकात दीड तास गुणिले दोन, आठवड्याला ४,८०० लिटर, म्हणजे १६ मिलिमीटर. हे मात्र खरंच कमी आहे. काका अगदीच चुकीचं बोलत नव्हते.

९ मार्च, रविवार

पाणी मुरतंय का ते बघायला खुरपं घेऊन तीन-चार ठिकाणी खणलं. शुक्रवारी मारलेल्या पाण्याने वरचे जेमतेम दोन इंच ओले, त्याखाली भुसभुशीत कोरडी माती आणि त्याखाली मुरूम असा घट्ट की खुरपं टणकन उडालं. मुळंही तेवढीच, दोन इंचात गोल फिरणारी. वीस वर्षं रोज वरवर पाणी मिळालं तर खाली जाईल कशाला बिचारी.

सगळीकडे लिहिलेलं असतं की लॉनला रोज थोडं देण्यापेक्षा दोनदा भरपूर द्या म्हणजे मुळं खोल जातात. खरं आहे, पण ज्याच्या खाली खोल जायला जागा आहे त्याच्यासाठी. आमच्या जमिनीत एकदम आठ मिलिमीटर ओतलं तर अर्धं वाहून जातं. आठवड्यातून दोन दिवसांचा नियम पाळायचा तर आधी माती पाणी धरून ठेवेल अशी करायला हवी, नाहीतर नियम कागदावर आणि पाणी गटारात.

१४ मार्च, शुक्रवार

धुळवड. पाणी मारायचा दिवस आणि रंग खेळायचा दिवस एकच आल्यामुळे पोरांनी पाईपवर हक्क सांगितला. पाणी उद्यावर ढकललं. सोसायटीतल्या एका काकूंचं म्हणणं पोरांना पाईप दिला असता तर लॉनही भिजलं असतं आणि पोरंही, दोन्ही कामं झाली असती. मुद्दा चूक नाही, पण ही वाट एकदा उघडली की पुढच्या शुक्रवारी वाढदिवस निघतो.

१६ मार्च, रविवार

जमिनीला भोकं पाडायचं काम. ऑनलाईन खिळ्यांच्या चपला मिळतात, बुटाला पट्ट्याने बांधून लॉनवर चालायचं, ₹७५०. सी-विंगमधल्या एका उत्साही मुलाने मागवल्या होत्या. पहिल्या दहा पावलांत दोन खिळे वाकले, तिसऱ्या खेपेला पाय मुरमात असा अडकला की बूट तिथेच राहिला आणि मुलगा मोज्यांवर पुढे. बागेतल्या मऊ काळ्या मातीत चालत असतील, भरावाच्या जमिनीवर पैसे घालवू नका.

शेवटी पहार. दोन बिगारी, दोन दिवस, ₹९०० रोज. वीतभर अंतरावर भोक, पाच-सहा इंच खोल, आणि भोकात कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), गांडूळखत आणि वाळू सारखी मिसळून भरायची. कोकोपीटच्या पाच किलोच्या आठ विटा लागल्या. विटा आदल्या रात्री टबात भिजवल्या तर सकाळी फुगून टबाबाहेर आल्या होत्या, मोठा टब घ्या. आधी लॉन भिजवून मग पहार मारली की काम निम्म्या कष्टात होतं, हे बिगाऱ्यांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं. पहिल्या दिवशी मात्र रोजावर होते म्हणून की काय, गप्प होते.

२१ मार्च, शुक्रवार

पाणी मारायची पद्धत बदलली. लॉनचे मनातल्या मनात चार भाग केले. एका भागाला दहा-अकरा मिनिटं, मग दुसरा, तिसरा, चौथा, आणि परत पहिल्यावर येऊन तेवढंच. मधल्या अर्ध्या-पाऊण तासात पहिलं पाणी खाली जिरतं. एकूण वेळ तोच दीड तास, पण गेटपाशी पाणी आलं नाही. पाईपच्या तोंडाला बंद होणारी गन लावली (₹३५०), म्हणजे एका भागातून दुसऱ्या भागात जाताना धार चालू राहत नाही. काकांना ती आवडलेली नाही, हात दुखतो म्हणतात. हँडलला रबरबँड लावून ठेवायची युक्ती त्यांनीच काढली.

३० मार्च, रविवार

गुढीपाडवा. पाहुणे येणार म्हणून कोणीतरी हळूच संध्याकाळी लॉनवर पाईप सोडला. कोण ते कळलं, लिहीत नाही.

लॉनचा रंग बदललाय हे खरं. हिरव्याचं पिवळसर झालंय, पाऊल टाकलं की गवत लगेच उभं राहत नाही, ठसा तसाच दिसतो. तहान लागल्याची ही खूण. व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो आले, खाली रडके इमोजी. मी उत्तर दिलं की गवत मेलेलं नाही, उपटून बघा, मुळाशी पांढरं-हिरवट आहे. तर एकाने खरंच मूठभर उपटून फोटो टाकला.

गवत कापायच्या मशीनची उंची वाढवून घेतली. कॉन्ट्रॅक्टरचा माणूस दर आठवड्याला एक इंचावर भादरून जायचा, त्याला अडीच इंचावर लावायला सांगितलं आणि कापलेलं गवत पोत्यात न भरता तिथेच पसरायला सांगितलं. उंच गवताची सावली मातीवर पडते, माती कमी तापते. त्याला वाटलं आपलं काम कमी करतायत म्हणजे पैसेही कमी करणार. पैसे तेच राहतील असं सांगितल्यावर यंत्राची उंची दोन मिनिटांत बदलली, तोवर ती म्हणे जाम होती.

६ एप्रिल, रविवार

खजिनदारांची आयडिया होती की पाण्याचा कोटाच बांधून टाकावा. दोन हजार लिटरची काळी टाकी चार फुटी स्टँडवर ठेवायची, आदल्या दिवशी भरायची आणि तिला बॅटरीवरचा टायमर लावायचा. सहाला आपोआप चालू, टाकी संपली की पाणी संपलं, भांडणच नको. टाकी आणि स्टँड गच्चीवर पडूनच होते, टायमर ₹२,४०० चा आणला.

सहा वाजता टायमर टक् करून वाजला आणि पाणी काही येईना. टायमर उलटसुलट करून बघितला, सेल बदलले, प्लंबरला बोलावलं. कारण निघालं दाबाचं. आत जो सोलेनॉइड (विजेवर उघडणारा) व्हॉल्व्ह असतो त्याचा पडदा उचलायला पाण्याचा दाब लागतो, साधारण अर्धा बार तरी. चार फुटांच्या उंचीचा दाब होतो जेमतेम ०.१२ बार, टाकीतल्या पाण्याची उंची धरली तरी अर्धा बार होत नाही. खोक्यावर हे बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. टाकीवर चालवायचा असेल तर बॉल व्हॉल्व्हवाला टायमर लागतो, तो शून्य दाबावरही उघडतो पण महाग आहे. आणि तो आणला असता तरी एवढ्याशा दाबावर स्प्रिंकलर फिरला नसताच. योजना गुंडाळली. टाकी झाडांसाठी ठेवली, टायमर एकाच्या गावच्या घरी गेला.

११ एप्रिल, शुक्रवार

काल मुंबईत टँकरवाल्यांचा संप सुरू झाला आणि आमच्या ग्रुपवर लगेच घबराट. आम्ही टँकर घेतच नाही हे सांगूनही कोणी ऐकेना. त्या गडबडीत बंद पडलेली बोअरवेल चालू करू या, लॉनला तेच पाणी मारू या असा ठराव तोंडी पास झाला. मी टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा, ₹३५०) आणून बघितलं. नळाचं पाणी शंभरच्या आत, बोअरचं २,६०० च्या वर. खाडी इथून हाकेच्या अंतरावर आहे, दुसरं काय येणार. तरी हट्ट म्हणून मागच्या कोपऱ्यातल्या एका तुकड्यावरच मारायचं ठरलं.

२० एप्रिल, रविवार

बोअरचा तुकडा. मातीवर पांढरट पापुद्रा, पात्यांची टोकं तांबडी, करपल्यासारखी. बोअर परत बंद. त्या जागेवर आता दोन पाळ्या नळाचं पाणी जास्त द्यावं लागणार, मीठ खाली ढकलायला. म्हणजे वाचवायला गेलो आणि उलटंच झालं.

पण त्याच तुकड्यात एक गंमत दिसली. मधेमधे हिरवे ठिपके होते आणि जवळ जाऊन बघितलं तर ती हरळी. काका वर्षानुवर्षं कार्पेट लॉनमधून तण म्हणून जी उपटून टाकत होते तीच. भाद्रपदात एकवीस-एकवीसच्या जुड्या बाजारातून पैसे देऊन आणतो ती दूर्वा हीच. खारं पाणी सोसते, कोरड सोसते, गुडघ्याएवढ्या उंचीवरून पोरं उड्या मारतात ते सोसते. जमिनीवर सरपटणाऱ्या दांड्याला पेरं असतात, प्रत्येक पेरापाशी मुळं फुटतात, त्यामुळे एक तुकडा जगला तरी परत पसरते. काकांना सांगितलं, यापुढे हरळी उपटायची नाही. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी घरात झुरळं पाळायला सांगितली.

२४ एप्रिल, गुरुवार

गार्डनच्या नळाला वेगळा मीटर बसवून आज आठवडा झाला (मीटर ₹१,९००, प्लंबर ₹६००). हे सगळ्यात पहिलं करायचं काम होतं, जो कोणी हे करायला जाईल त्याने पहिल्याच दिवशी करावं. मंगळवारी पाणी मारून झाल्यावर आकडा लिहिला, गुरुवारी सकाळी बघितलं तर मधे कोणीही लॉनला पाणी न मारता ७०० लिटर गेलेले. दोन कारणं निघाली. पाईपचं कपलिंग गळत होतं, थेंब थेंब, ते मातीत लपलेलं. आणि पहाटे साडेचारला दोन गाड्या धुतल्या जात होत्या. गाडी पुसणाऱ्या मुलाला ओरडून उपयोग नाही, त्याला मालकांनीच सांगितलेलं की पाणी मारून चकाचक पाहिजे. बादली आणि फडक्यावर आणायला त्या मालकांशीच बोलावं लागलं. नळाला कुलपाची टोपी बसवली.

२७ एप्रिल, रविवार

एसीचं पाणी. तळमजल्याच्या आणि पहिल्या मजल्याच्या एसींचे पाईप भिंतीवरून नुसते ठिबकत असतात. बी-विंगच्या काकूंनी रात्री बादली लावून ठेवली तर सकाळी पाऊण भरलेली. या दमट हवेत चांगलंच पाणी पडतं, आणि टीडीएस नळापेक्षाही कमी. पाच एसींचे पाईप एका निळ्या ड्रममध्ये सोडले आणि ते पाणी नव्या लावलेल्या झाडांना दिलं. आठ दिवस सगळे खूश. मग ड्रममध्ये अळ्या. महापालिकेचे मलेरियावाले तपासणीला आले असते तर नोटीसच मिळाली असती. ड्रमच्या तोंडावर बारीक जाळी सुतळीने घट्ट बांधली, पाईप जाळीच्या वरच सोडला आणि दर तीन दिवसांनी ड्रम रिकामा करायचा हे वॉचमनच्या वहीत लिहून ठेवलं. लॉनला हे पाणी पुरत नाही, तो नाद करू नका, पण झाडांना पुरतं. झाडांना आधी पाणी हे मी कमिटीत भांडून मंजूर करून घेतलंय. गवत पावसात परत येतं, लावलेला बहावा वाळला तर परत पाच वर्षं थांबा.

४ मे, रविवार

आज स्प्रिंकलर तपासले. दोन फिरते स्प्रिंकलर (प्रत्येकी ₹१८०) महिन्याभरापासून वापरतोय पण काही जागा हिरव्या, काही पिवळ्या राहतात. घरोघरून अर्ध्या किलोच्या श्रीखंडाच्या सारख्या डब्या गोळा केल्या, लॉनवर ठिकठिकाणी ठेवल्या, वीस मिनिटं पाणी सोडलं आणि फूटपट्टी बुडवून मोजलं. स्प्रिंकलरजवळ १४ मिलिमीटर, कोपऱ्यात ३, आणि एक डबी पेव्हर ब्लॉकवर ठेवलेली तिच्यात ६! म्हणजे रस्त्याला कोपऱ्यापेक्षा दुप्पट पाणी. स्प्रिंकलर आत सरकवले, पेव्हरच्या बाजूच्या पट्ट्या हाताने गन धरून मारायच्या ठरल्या. सकाळीच का, हेही डब्यांनी दाखवलं. दुपारनंतर खाडीवरून वारा सुटतो तेव्हा एकदा करून बघितलं तर फवारा सरळ गाड्यांवर.

मग खरा निर्णय. काठाच्या पट्ट्या आणि मोठ्या पर्जन्यवृक्षांखालचा भाग, जिथे सावलीत लॉन तसंही कधी नीट आलं नाही, तिथलं गवत काढून टाकायचं. मोजलं तर ११० चौरस मीटर कमी होतात, उरतं १९०. आठवड्याचे तेच ४,८०० लिटर १९० वर मारले की २५ मिलिमीटर. लॉनची गरजच तेवढी आहे. पाण्याला गरजेएवढं वाढवता येत नव्हतं, मग लॉनच पाण्याएवढं करून घेतलं. मीटिंगमध्ये यावर दीड तास गेला. "लॉन बघून फ्लॅट घेतला" हा मुद्दा चार जणांनी चार वेळा मांडला.

७ मे, बुधवार

काल संध्याकाळी धुळीचं वादळ आणि पाठोपाठ पाऊस. जमिनीत भोकं होती तिथे पाणी थेट मुरलं, शेजारच्या सोसायटीच्या लॉनवर मात्र सकाळपर्यंत डबकं. माळीकाका स्वतःहून दाखवायला घेऊन गेले. लॉन जळणार म्हटलेलं त्यांना आठवण करून दिलं नाही.

शुक्रवारची पाळी रद्द केली. हे नियमात नव्हतं, वेळापत्रक म्हणजे वेळापत्रक म्हणून पाऊस पडला तरी पाणी मारणारे लोक असतात. आता खुरप्याने खणून बघायचं, तीन इंच ओलं असेल तर पाळी सोडायची.

११ मे, रविवार

झाडांखाली रिओ (शोभेचं बुटकं झाड, पानं खालून जांभळी) लावला, ३०० रोपं, ₹१२ ला एक. उन्हाच्या काठाला ऑफिस टाईम (चिनी गुलाब), त्याला पैसे पडले नाहीत, कुंड्यांमधल्या फांद्या तोडून खोचल्या तरी लागतात. दोन्हीला पहिले पंधरा दिवस पाणी लागतंच, रोपं लावून लगेच पाणी वाचेल ही अपेक्षा ठेवू नका, खरं तर हे जूनमध्ये लावायला हवं होतं. मधल्या जागेत झाडांचाच पाला चार बोटं पसरला. पूर्वी तो रोज झाडून कचऱ्याच्या गाडीत जायचा. पाल्यात साप येणार अशी तक्रार लेखी आली आहे. पाला वॉकिंग ट्रॅकपासून दोन फूट आत घेतला, तक्रार अजून मागे घेतलेली नाही.

२१ मे, बुधवार

कालपासून धो धो. पाणी बंद.

२७ मे, मंगळवार

काल मान्सून मुंबईत पोचला, २६ मे ही आजवरची सगळ्यात लवकरची तारीख म्हणतायत. म्हणजे आमची परीक्षा अर्धवटच झाली, जून कोरडा गेला असता तर काय झालं असतं ते सांगता येणार नाही. लॉन चार-पाच दिवसांतच हिरवं झालं, कोपऱ्यातल्या बोअरच्या तुकड्यावर हरळीने कब्जा केलाय.

खर्च सगळा धरून साडेसतरा हजारांच्या आसपास, त्यातला टायमर आणि खिळ्यांच्या चपला म्हणजे तीन हजारांच्या वर, ते सरळ पाण्यात. आधी आठवड्याला २२,४०० लिटर जायचे, आता ४,८००. वाचलेले लिटरही साडेसतरा हजारांच्या घरातच आले, हा निव्वळ योगायोग.

१५ जून, रविवार

भोकांमधलं मिश्रण पावसाने खाली बसलंय, प्रत्येक भोकाशी बोटभर खड्डा. वाळू जास्त आणि कोकोपीट कमी घ्यायला हवं होतं, कोकोपीट दबून खाली बसतं. पाऊस उघडला की वरून वाळू आणि खत चाळून टाकणार. गवत कापणारा नवीन आला आणि त्याने परत एक इंचावर भादरलं. कॉन्ट्रॅक्टमध्ये अडीच इंच लिहून घ्यायचं राहिलं होतं, ते आज लिहून सही घेतली. ऑक्टोबरात पाऊस गेला की मीटरचा पहिला आकडा इथेच टाकेन.